डावीकडे बसणारी

रात्बुरी,
१६ नोव्हेंबर २००३

मा सेइन,

पोचलो. तू दिलेला मासळीच्या चटणीचा डबा मेसोतच्या सीमानाक्यावर फुटला आणि पुढची सगळी बस माझ्याकडे संशयाने बघत राहिली. नंदारच्या हाती निम्मीच चटणी लागली. वास घेऊन म्हणाली, "बाबा, ही आईचीच." पोरगी जरा अंगाने भरली आहे, काळजी करू नकोस.

जावयाचं बरं चाललंय. नारळावरून पडला तेव्हा उजवा हात दोन ठिकाणी मोडला, त्यामुळे खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टर चार-साडेचार महिने म्हणतात. त्याच्या घरची म्हातारी माणसं अजून आपली मोन बोली बोलतात. विरातही बोलतो, पण पाहुण्याने उसना सदरा घालावा तशी. तोवर त्याचा पिकअप मी चालवायचा, बागेतली शहाळी भरून नदीकाठच्या वखारीत टाकायची, हे आपलं ठरलंच होतं. पहिल्याच दिवशी काय झालं ते मात्र नंदारने कळवण्याआधी मीच सांगून टाकतो.

तीस वर्षं मी उजव्या खिडकीतून पान थुंकत आलो. आपल्याकडे त्या खिडकीखाली गटार असतं. इथे थाई मुलखात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणजे माझ्या खिडकीखाली रस्त्याचा मध्य येतो, आणि मध्यावरून माणसं जात असतात. माझी पिचकारी शाळेतल्या एका मास्तरीणबाईंच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली. बाई स्कूटरवर होत्या. विरात खाली उतरला आणि एकाच हाताने नमस्कार करायला लागला. त्यांना वाटलं हा उद्धटपणाच करतोय. शेवटी मी लाल तोंडाने दोन्ही हात जोडले. संध्याकाळी नंदार त्यांच्या घरी दोन डझन शहाळी देऊन आली. तेव्हापासून गाडीत पान बंद.

हॉर्नही बंद. इथे कुणी वाजवत नाही. मी वाजवला की लोक थांबून बघतात, ओळखीचं कोण हाक मारतंय म्हणून. विरात म्हणतो, "बाबा, हॉर्न गाडीला आहे, तुम्हाला नाही." वळताना हात आपसूक उजव्या बाजूला ओढतात, म्हणून प्रत्येक वळणावर मनाशी "डावीकडे, म्हाताऱ्या, डावीकडे" असं म्हणतो.

बाकी एक सुख आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडीही रस्त्याच्या उजवीकडे, त्यामुळे मी कायम गटाराशी बसलेला. पुढे लॉरी असली की समोरून काय येतंय ते मला कधी दिसलंच नाही. डावीकडे बसून तू बघायचीस, "मोकळं" म्हणालीस की मी गाडी बाहेर काढायचो. इथे स्टिअरिंग तिथेच, पण गाडी डावीकडून. मी रस्त्याच्या मधोमध बसतो, सगळं लख्ख दिसतं. डावीकडे कुणी बसायची गरजच नाही. त्या सीटवर मी रिकामी पोती ठेवतो.

तब्येत सांभाळ. चो टिनला सांग, आपल्या बाजाराच्या गाडीचं तेल दर महिन्याला बदलायचं, दर महिन्याला म्हणजे दर महिन्याला.

लुन माउंग

*

मुडोन,
४ डिसेंबर २००३

को लुन माउंग,

पत्र मिळालं. मास्तरीणबाईंची गोष्ट मी शेजारी वाचून दाखवली. सगळ्या आळीला दोन दिवस पुरली. चहाच्या दुकानातला म्हातारा म्हणतो, आपल्या माणसाने परदेशात जाऊन रंग उधळला.

पोत्यांचंही वाचलं. बरं झालं. पोती बोलत नाहीत, म्हणजे चुकतही नाहीत. अठरा वर्षं त्या सीटवर मी बसले, तर तुम्हाला पोत्यांइतकी शांतता कधी मिळाली नसेल.

चो टिन तुमचा भाचा असला तरी गाडी बरी चालवतो. त्याने डावीकडे बसायला पा-आनचा एक माणूस ठेवलाय, चाळिशीतला. घसा गिरणीच्या भोंग्यासारखा. "मोकळं" म्हणाला की मागच्या बायकांच्या टोपल्या हलतात. चो टिन मला म्हणाला, "मामी, तुम्हीच या ना परत." मी म्हटलं, मला भाजी चिरायची आहे. दोन वर्षं मला रोज त्याच वेळी भाजी चिरायची असते.

पौर्णिमेला कामावेटला गेले होते, नेहमीप्रमाणे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. ये ल्विनला कुबड्या आता सवयीच्या झाल्यात. रबराच्या मळ्यात झाडांपाशी जाता येत नाही, म्हणून घरी बसून चिकाच्या वाट्या धुतो. त्याच्या आईने, दॉ ओनने, पायरीवर बसू दिलं, पण पाणी विचारलं नाही. मुलाचा पाय जिच्या शब्दाने गेला तिला पाणी कोण विचारील? मी पपया ठेवल्या आणि उठले. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुझा नवरा परदेशी गेला म्हणे." मी हो म्हटलं.

नंदारला सांगा, बाळंतपणाच्या गोष्टी आईला आधी कळवायच्या असतात, अंगाने भरल्याच्या नावाखाली नाही. मला काय कळत नाही?

सेइन

*

रात्बुरी,
२२ डिसेंबर २००३

मा सेइन,

नंदार लाजून स्वयंपाकघरात पळाली. पाचवा महिना आहे. आईला सांगू नका म्हणाली होती, मी सांगितलं नाही, तू ओळखलंस. आता ओरड तिला.

पोत्यांचं मी तसं लिहिलं नव्हतं. गाडीची रचना सांगत होतो. तू प्रत्येक गोष्ट ओढून अंगाला लावून घेतेस.

इथली खरी गंमत मी पहिल्या पत्रात लिहिली नाही, ती लिहितो. मला सगळं दिसतं, पण मला पुढे जाता येत नाही.

म्हणजे असं. वखारीचा रस्ता दुपदरी आहे, सरळ, कालव्याच्या काठाने. पुढे उसाचा ट्रक असतो, किंवा वाळूचा. समोरचा रस्ता अर्धा मैल रिकामा दिसतो. मला दिसतो, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी. आणि मी त्या ट्रकच्या मागेच राहतो. मागून लोक माझ्या पुढे जातात, ट्रकच्याही पुढे जातात. गेल्या आठवड्यात एक भिक्खूंची गाडी गेली, आतले सगळे भिक्खू माझ्याकडे बघत गेले. मी ट्रकच्या उसाचे तुरे बघत बसलो. चाळीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला आणि वखारीतला मुकादम म्हणाला, "शहाळी गाडीतच पिकवता का?"

विरातला वाटलं म्हाताऱ्याची नजर गेली. मला चष्म्याच्या दुकानात नेलं. नजर ठीक निघाली. मग तो एक दिवस बरोबर आला, पोती मागे टाकली आणि डावीकडे बसला. ट्रक आला. विरात म्हणाला, "जा ना बाबा, मोकळं आहे." माझे हात स्टिअरिंगच्या चाकावर चिकटून बसले. तो पुन्हा म्हणाला. घरी आल्यावर नंदारला थाईमध्ये काहीतरी म्हणाला. ती माझ्या ताटात जास्तीचा मासा वाढून गेली. त्यावरून मी काय ते समजलो.

इथल्या रस्त्यांची सवय नाही, दुसरं काही नाही. होईल हळूहळू. आंबा मोहोरला का?

लुन माउंग

*

मुडोन,
९ जानेवारी २००४

को लुन माउंग,

आंबा मोहोरला. तुमच्या पत्रात आंब्याचा मोहोर शेवटी येतो तेव्हा मला कळतं की माणूस विषय टाळतोय.

इथल्या रस्त्यांची सवय नाही, हे नंदारला सांगा, मला सांगू नका. तुम्ही सतराव्या वर्षी लॉरी चालवलीत, आणि एका सकाळी सरकारने साऱ्या देशाला डावीकडून उजवीकडे जायला लावलं तेव्हा दुपारपर्यंत तुम्ही सरावला होतात, हे तुम्हीच दरवर्षी सांगता. मग दोन महिन्यांच्या थाई रस्त्याची काय कथा.

तुमचे हात का चिकटतात ते मला माहीत आहे. मी बांधलेत ते. अठरा वर्षं "मोकळं" ऐकून हलायची त्यांना सवय, आणि एक दिवस त्याच शब्दाने एका पोराचा पाय गेला. आता कोणी म्हटलं, विरातने म्हटलं, देवाने जरी म्हटलं, तरी ते हलणार नाहीत. हे माझं पाप आहे आणि तुम्ही ते तिकडे घेऊन फिरताय. असं मनात येतं. मग तुमचा राग येतो. का, ते नंतर कधीतरी.

नंदारने वेगळं पत्र लिहिलंय. म्हणते, बाबांना इथेच ठेवून घेतो, तूही ये, बाळाला आजी हवी. को लुन माउंग, मला जावंसं वाटतं. खोटं का बोलू? नंदारच्या वेळी माझी आई नव्हती, तेव्हा मी काय काय सोसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मी आले तर कामावेटला कोण जाईल? चोवीस पौर्णिमा झाल्या, एकही चुकवलेली नाही. एक पौर्णिमा गेले नाही तर दॉ ओन म्हणेल, विसरली. तिने असं म्हटलेलं मला चालणार नाही.

गेल्या पौर्णिमेला प्रथमच ये ल्विन स्वतः माझ्याशी बोलला. आई विहिरीवर गेली होती. वाट्या धूत धूत म्हणाला, "मावशी, एक विचारू? मी त्या सकाळी मोटरसायकलचा दिवा लावला होता. मळ्यातून अंधारात निघायचो म्हणून लावलेला, उजाडल्यावर विझवायचा राहिला. तुम्हाला खरंच दिसला नाही?"

मी म्हटलं, नाही दिसला.

तो म्हणाला, "म्हणजे मंदच असेल. बॅटरी बदलायची राहिली होती. मी दोन वर्षं तेच म्हणतोय, बदलली असती तर तुम्हाला दिसला असता."

मी कशी घरी आले ते मला आठवत नाही. चो टिनच्या गाडीतून उतरताना चप्पल विसरले.

सेइन

*

मुडोन,
१४ फेब्रुवारी २००४

को लुन माउंग,

पाच आठवडे पत्र नाही. पत्रं आणणारी मे न्वे तिकडून महाचाईहून आली, तिच्याबरोबरही काही नाही. नंदार लिहिते, बाबा जेवत नाहीत, गाडी नेतात, आणतात, बागेत पंपाच्या खोलीत बसतात. आजारी असाल तर आजारी लिहा. रागावला असाल तर तसं लिहा. आंब्याचं विचारू नका, तो गळून गेला.

सेइन

*

रात्बुरी,
२० फेब्रुवारी २००४

मा सेइन,

आजारी नाही. हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलंय. या वेळी नंदारला सांगितलंय, पूर्ण झालं की लगेच पाकिटात घालून घेऊन जा, मी मागितलं तरी देऊ नकोस.

त्या सकाळी तू "मोकळं" म्हणाली नव्हतीस.

बैलगाडी होती तेव्हा म्हणालीस. मी बाहेर काढून बैलगाडी मागे टाकली. तिच्या पुढे बांबूची लॉरी होती. रीत अशी की परत आपल्या बाजूला यायचं, लॉरीच्या मागे लागायचं, तू बघायचीस, तू म्हणायचीस. मी आत आलोच नाही. बाहेर पडलो होतो तसाच लॉरीच्याही पुढे निघालो. तुझ्याकडे बघितलं नाही, विचारलं नाही. मागे बाजाराच्या बायका उशीर झाला म्हणून ओरडत होत्या, पण ते कारण नाही. कारण एवढंच, की अठरा वर्षांत मला वाटायला लागलं होतं रस्ता मलाच दिसतो. मग तो दिवा दिसला, आणि मी उजवीकडे ओढली, आणि तुझ्या बाजूचा मडगार्ड त्याला लागला. तुझ्या बाजूचा. तो तुझ्या हाताच्या अंतरावर पडला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मी मोकळं म्हणाले. माझी नजर चुकली." मला वाटलं, धक्क्याने तुझा घोळ झालाय, बैलगाडीचा शब्द तू लॉरीला जोडतेयस. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तू भिंतीकडे तोंड करून झोपलीस. मग वाटलं, कचेरीतली भरपाईची तडजोड होऊ दे, जप्त झालेला परवाना हातात येऊ दे. परवाना आला. मग लोक म्हणायला लागले, बाईमाणसाची नजर, तिथे बसवायलाच नको होतं. मी चहाच्या दुकानात बसून ते ऐकलं, मा सेइन. चहा पीत ऐकलं. माझ्याच तोंडून एकदा "होतं असं" बाहेर पडलं. मग तू सीट सोडलीस आणि सांगायची वेळ निघूनच गेली असं मी मनाला पटवलं. विरातचा हात मोडला तेव्हा मला दुःखाआधी सुटका वाटली. तुझ्या समोरून उठायला मिळालं.

तू लिहितेस, तुझ्या शब्दाने माझे हात बांधले. उलटं आहे ते. माझ्या हातांना माहीत आहे की ते एकदा शब्दावाचून गेले होते.

ये ल्विनच्या दिव्याचं वाचलं आणि मी पंपाच्या खोलीत जाऊन बसलो. दोन दिवसांनी त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रकमागे होतो. समोरून एक मोटरसायकल येत होती, दिवसाउजेडी दिवा लावलेली. मी मनात आकडे मोजले. अकराव्या आकड्याला ती माझ्या बाजूने निघून गेली. अकरा आकडे, मा सेइन. एवढंच थांबायचं होतं. दिवा मंद नव्हता. मला उजव्या सीटवरूनही, लॉरीच्या बाजूला आल्याबरोबर दिसला होता.

तू चोवीस पौर्णिमा माझ्या जागी गेलीस. न केलेली चूक तुला आपली वाटत राहिली आणि मी ती वाटू दिली. क्षमा कर असं लिहायला हात धजत नाही, कारण मागितली तर तू देशील.

लुन माउंग

*

मुडोन,
५ मार्च २००४

को लुन माउंग,

मला माहीत होतं.

तुम्हाला वाटलं माझा घोळ झाला. अठरा वर्षांत कोणत्या गाडीला मी काय म्हणाले यात माझा एकदा तरी घोळ झाला होता का? मी तो दिवा तुमच्या आधी पाहिला. पिवळा होता, चांगला ठसठशीत. "थांबा" माझ्या ओठांवर होतं आणि गाडी निघाली होती.

मी खोटं का बोलले ते ऐका. पोलीस आले तेव्हा तुम्ही चाकावर डोकं टेकून बसला होतात. तुमचे हात मी तसे कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, या माणसाला आज हे कळलं की चूक त्याची, तर तो पुन्हा चाकाला हात लावणार नाही. घर त्या हातांवर होतं. डावीकडे बसणारं कुणीही मिळतं. म्हणून मी म्हणाले. त्या क्षणी सुचलं ते म्हणाले.

पण को लुन माउंग, मी ते एका दिवसासाठी घेतलं होतं. मला वाटलं, रात्र जाईल, तुम्ही सावराल, आणि सकाळी म्हणाल, सेइन, तू कुठे म्हणाली होतीस. सकाळी तुम्ही गाडी धुतलीत. मग मला वाटलं आठवड्याने म्हणाल. तडजोड झाल्यावर. परवाना आल्यावर. मी सीट सोडली ती भीतीने नाही. मला वाटलं, निदान रिकाम्या सीटकडे बघून तरी हा माणूस बोलेल. तुम्ही तिथे चो टिनला बसवलंत.

पुढे पुढे मला भलतंच वाटायला लागलं. वाटलं, यांना तेच खरं वाटतं. मी म्हणाले म्हणून खरं. इतकं खोल गेलं की मधूनमधून मलाही शंका यायची. भाजी चिरताना मी तो रस्ता पुन्हा पुन्हा जायचे, बैलगाडी, लॉरी, दिवा, आणि स्वतःला विचारायचे, म्हणाले होते का गं मी? तुमच्या पत्राने एवढं केलं, की मी वेडी नाही हे मला कळलं. त्यासाठी मी रडले. तुमच्यासाठी नाही.

राग यायचं कारण लिहीन म्हटलं होतं. तुम्ही गाडी घातलीत त्याचा राग नाही, चूक माणसाकडून होते. मी उचललेलं ओझं तुम्ही माझ्याकडेच राहू दिलंत, त्याचा राग आहे. अजून आहे. तुम्ही आलात म्हणजे लगेच जाईल असं समजू नका.

आता माझं. मीही काही धुतल्या तांदळाची नाही. घर वाचवायला एक खोटं बोलले, आणि त्याचं व्याज ये ल्विन देतोय. तो बसून बॅटरीला दोष देतो. स्वतःला दोष देतो. त्याला वाटतं आपण कुणाला दिसलोच नाही. मी गेल्या खेपेला त्याच्या तोंडावर पुन्हा तेच खोटं बोलून आले. हे मला आता होत नाही.

तुम्ही या. विरातचं प्लास्टर या महिन्यात निघेल असं नंदार म्हणते. तुम्ही ये ल्विनला सांगा, तुमच्या तोंडाने, दॉ ओनच्या समोर. मग मी नंदारकडे जाईन, बाळ बघायला. आधी नाही. पौर्णिमेला मी येते तुमच्याबरोबर. एकट्याने तुम्हाला जमायचं नाही, दॉ ओनची जीभ तुम्हाला ठाऊक नाही. मी पुढे होईन, विषय काढीन, मग तुम्ही बोला.

सेइन

*

रात्बुरी,
२० मार्च २००४

मा सेइन,

विरातचं प्लास्टर काल निघालं. हात बारीक झालाय, पण चाक धरतो. मी सोमवारच्या बसने निघतो, गुरुवारी मुडोनला असेन. नंदारला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला आधी पाठवा, मग तुम्ही परत आलात तरी चालेल." विरातने माझी पिशवी भरून दिली, न विचारता.

पौर्णिमेची वाट बघणार नाही. शुक्रवारी सकाळी चो टिनच्या गाडीने, मागे टोपल्यांत बसून जाईन. ये ल्विनला आधी दिव्याचं सांगेन, मग बाकीचं. तुझं खोटंही सांगेन, पण ते कुणासाठी होतं तेही सांगेन. तो काय म्हणेल ते ऐकेन. दॉ ओनने पायरीवरून उठवलं तर रस्त्यावर उभा राहून सांगेन.

तू बरोबर येऊ नकोस. विषय काढू नकोस, पुढे होऊ नकोस. दोन वर्षं तू तिथे जात होतीस, या खेपेला तू घरी थांब. जेवायला माझी वाट बघू नकोस, मला उशीर होईल.

लुन माउंग